दमेकऱ्याने आखलेली चौकट

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या छायाचित्रण मंडळात एक वाद पेटला होता. कारण तसे क्षुल्लकच. मंडळाच्या मालकीचा कॅमेरा एकच. त्याच्यासोबत आलेली लेन्स एका गडावर कातळाला आपटून निकामी झाली. वर्गणी गोळा झाली, सरांनीही खिशात हात घातला आणि एका लेन्सपुरती रक्कम जमली. दुसरी लेन्स घेण्याची ऐपत पुढल्या दोन-तीन वर्षांत येईल असे दिसत नव्हते. तेव्हा जी घ्यायची ती गडावर चालली पाहिजे, स्नेहसंमेलनाच्या मंद उजेडात चालली पाहिजे आणि वर्गाच्या सामूहिक छायाचित्रालाही चालली पाहिजे, एवढ्यावर सर्वांचे एकमत होते. मतभेद सुरू झाले ते त्यापुढे.

एका पक्षाला १८ ते २०० मिलिमीटरची लेन्स हवी होती. समोरची तटबंदी सबंध टिपायची आणि जागचे न हलता बुरुजावरचा पक्षीही टिपायचा, हा त्यांचा मोह. दुसरा पक्ष १७ ते ५० मिलिमीटरच्या, पण सर्व टप्प्यांवर २.८ एवढे मोठे छिद्र देणाऱ्या लेन्सचा. तिसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की १८ ते ५५ ची साधी, हलकी, स्वस्त लेन्सच पुन्हा घ्यावी आणि उरलेल्या पैशांत तिवई आणावी. या वादात एक हिशेब मात्र तिन्ही पक्षांच्या तोंडी सारखाच होता. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून लेन्सवरचा आकडा दीडने गुणायचा. पूर्ण चौकटीच्या मानाने १८ म्हणजे २७ आणि ५५ म्हणजे ८२. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, की ही पूर्ण चौकट पूर्ण आहे हे ठरवले कोणी? आम्ही सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. रोज ज्या मापाने मोजतो ते माप कुठून आले हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

तो शोध घेताना मला ऑस्कर बार्नाक भेटला. त्याची हकीकत वाचून संपली तेव्हा आमच्या वादाकडे पाहण्याची माझी दृष्टीच पालटली होती. म्हणून ती येथे सांगावीशी वाटते.

बार्नाकचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनोव या खेड्यात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळच्या लिश्टरफेल्ड येथे राहावयास गेले. मुलाला चित्रकलेची ओढ होती. निसर्गचित्रे काढावीत आणि तेच आयुष्याचे काम करावे असे त्याच्या मनात होते. परंतु चित्रांवर पोट भरत नाही हा हिशेब आपल्याकडच्या वडिलांप्रमाणेच तिकडच्या वडिलांनाही पाठ असतो. शाळा संपताच मुलाच्या हाती ब्रशाऐवजी कानस आली. खगोलशास्त्राची उपकरणे तयार करणाऱ्या एका यंत्रकाराकडे तो उमेदवारी करू लागला. तारे मोजण्याच्या यंत्रात केसाएवढीही चूक खपत नाही. हाताला वळण लागावे ते तिथे. बार्नाक विद्यापीठाची पायरी चढला नाही, पदवीही त्याने कधी मिळवली नाही. जे काही शिकला ते लेथवर आणि कानशीच्या धारेवर.

उमेदवारी संपली की गावोगाव हिंडून निरनिराळ्या कारखान्यांत काम करावयाचे, अशी त्याकाळी तेथील कारागिरांची रीत होती. बार्नाकही सॅक्सनी, व्हिएन्ना, टिरोल असा फिरला आणि १९०२ च्या जानेवारीत येना येथील कार्ल झाइसच्या कारखान्यात दाखल झाला. प्रकाशविज्ञानाच्या जगात येना म्हणजे काशीच. सूक्ष्मदर्शकाचे गणित मांडणारा अर्न्स्ट आबे तेथलाच, आणि पुढे जगभर गाजलेले टेसार भिंग १९०२ सालीच तेथे जन्मास आले. या काशीत बार्नाक सुमारे ९ वर्षे राहिला. १९०३ मध्ये त्याचे लग्न झाले. पुढे एक मुलगी आणि एक मुलगा झाला. संसार साधा होता. सुटीच्या दिवशी आसपासच्या थुरिंगियाच्या जंगलात फिरावयास जाणे एवढीच चैन. निसर्गचित्रे काढण्याची जुनी हौस आता त्याने कॅमेऱ्यावर भागवायला घेतली होती.

पण या हौसेच्या आड एक गोष्ट येत होती. बार्नाकला दमा होता.

त्याकाळचा कॅमेरा म्हणजे काय प्रकरण होते याची कल्पना आज सहजी येणार नाही. छायाचित्र काचेच्या पट्टीवर घेत, आणि बार्नाकच्या कॅमेऱ्याची पट्टी १३ बाय १८ सेंटिमीटरची होती. कॅमेऱ्याची पेटी, तिवई आणि काचेच्या पट्ट्या ठेवण्याची सहा दुहेरी घरे, असा सारा संसार फिरत्या विक्रेत्यासारखा चामडी पेटीत भरून डोंगर चढावयाचा. एवढे करून दिवसाकाठी छायाचित्रे मिळावयाची अवघी बारा! निरोगी माणसाला हे फार तर कंटाळवाणे वाटले असते. दमेकऱ्याची मात्र प्रत्येक चढावर छाती भरून यायची. ज्या वाटेवर चित्र दिसायचे, त्याच वाटेवर श्वास संपायचा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एवढी मोठी काच त्या लोकांनी हौसेने घेतलेली नव्हती. त्याकाळी बहुतेक छायाचित्रे काचेवरून थेट कागदावर, त्याच आकारात उतरवीत. जेवढे मोठे चित्र हवे तेवढी मोठी काच. भिंगात थोडा दोष असला तरी तो वाढत नसे. चित्र मोठे हवे तर ओझेही मोठे, हा सृष्टीचा नियमच असावा असे सारे धरून चालले होते.

बार्नाकने हा नियम उलटा करून पाहावयाचे ठरवले. नकारपट्टी लहान घ्यावी आणि चित्र मागाहून मोठे करावे. १९०५ च्या सुमारास त्याने एकाच १३ बाय १८ च्या काचेवर पंधरा-वीस लहान लहान चित्रे घेण्याची युक्ती करून पाहिली. ती साफ फसली. काचेवरच्या रासायनिक थराचा कण एवढा जाडाभरडा होता, की चित्र मोठे केल्यावर माणूस कुठला आणि झाड कुठले हे ओळखेना. बार्नाकने प्रयोग बाजूला ठेवला. टाकून मात्र दिला नाही. हा फरक लहान वाटतो, पण पुढचे सारे त्यावर उभे आहे.

झाइसमधला त्याचा एक मित्र एमिल मेखाउ मध्यंतरी वेट्झलार येथील अर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात गेला होता. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना वेट्झलार हे नाव अपरिचित नसावे. तरुण गटे १७७२ च्या उन्हाळ्यात याच गावी राहिला आणि तेथल्या विफल प्रेमातून त्याच्या वेर्थर या कादंबरीचा उगम झाला. लान नदीच्या काठचे, उतरत्या छपरांचे हे गाव पुढे सूक्ष्मदर्शकांसाठी प्रसिद्धीस आले. मेखाउने आपल्या मालकांपाशी बार्नाकची शिफारस केली. बार्नाक मात्र कचरत होता. तिशी उलटलेली, प्रकृती नाजूक. नव्या ठिकाणी आपण आजारी पडून राहिलो तर मालकाला भार होऊ, असे त्याला वाटे. लाइट्झ यांनी त्याला तरीही बोलावले, आणि १९११ च्या आरंभी बार्नाक तेथील प्रयोगविभागाचा प्रमुख झाला. पदवी नसलेल्या, छाती कमकुवत असलेल्या कारागिराच्या हाती प्रयोगशाळा सोपवणाऱ्या त्या मालकांच्या पारखीचेही कौतुक केले पाहिजे.

त्याचे ठरलेले काम सूक्ष्मदर्शकांचे होते. पण चलच्चित्रांचे ते दिवस नवलाईचे होते आणि बार्नाकने एक ॲल्युमिनियमचा सिनेकॅमेराही तयार केला. सिनेमाची फीत हाती आली आणि त्याचा जुना प्रयोग पुन्हा जागा झाला. ही फीत ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या दोन्ही कडांना दातेरी चाकासाठी भोके असतात; ती सोडली तर मध्ये २४ मिलिमीटर जागा उरते. सिनेमाच्या एका चित्राचा आकार १८ बाय २४. काचेपेक्षा फिल्मचा कण बारीक असला तरी एवढ्याशा चित्रातून मोठे छायाचित्र काढणे अवघडच. मग बार्नाकने सरळ दोन चित्रांची जागा एकत्र केली. फीत कॅमेऱ्यात उभी न धावता आडवी धावू लागली आणि १८ ची दुप्पट ३६ झाली. २४ बाय ३६ मिलिमीटर! आम्ही ज्या पूर्ण चौकटीच्या मापाने भांडत होतो ती ही. तिच्यामागे सौंदर्यशास्त्राचा कोणताही सिद्धांत नव्हता. बाजारात मिळणारी फीत आणि एका माणसाला पेलणारे ओझे, या दोहोंची ती तडजोड होती.

१९१४ च्या सुमारास या चौकटीचा पहिला कॅमेरा तयार झाला. पुढे त्याला आद्य लायका म्हणू लागले. हातात मावेल, खिशात जाईल एवढाच. फीत पुढे सरकवली की त्याच हालचालीत पडदाही ताणला जाई, त्यामुळे एकाच जागी दोनदा चित्र उमटण्याची चूक टळली. आजच्या दृष्टीने त्यात उणिवा पुष्कळ. पडदा ताणताना मध्ये फट राही, म्हणून फीत सरकवताना भिंगापुढे झाकण धरावे लागे. पण हा कॅमेरा घेऊन बार्नाक गावात हिंडू लागला आणि पहिल्यांदाच त्याची दमछाक झाली नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाच्या सैन्यभरतीचा हुकूम वेट्झलारच्या भिंतीवर लागला, त्या क्षणाचे त्याने घेतलेले छायाचित्र आजही पाहावयास मिळते. १९२० मध्ये लान नदीला पूर आला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गल्ल्यांची त्याने मालिकाच टिपली. तिवई लावून, काच बसवून, डोक्यावर काळे फडके घेऊन हे जमले नसते. तोवर पाणी ओसरले असते!

तरीही मुख्य अडचण सुटलेली नव्हती. ती होती भिंगाची, आणि लेन्स निवडू पाहणाऱ्या आम्हा मंडळींना हाच भाग अधिक उद्बोधक आहे.

बार्नाकने प्रथम हाताशी होती ती भिंगे लावून पाहिली. सिनेमासाठी केलेले भिंग १८ बाय २४ च्या चित्रापुरते उत्तम. पण चौकट दुप्पट होताच कोपरे काळवंडत आणि अस्पष्ट होत. मग आद्य कॅमेऱ्यावर त्याने लाइट्झच्याच सूक्ष्मचित्रणासाठी असलेले ४२ मिलिमीटरचे भिंग बसवले. काम चालले, पण समाधान झाले नाही. चित्र दहापट मोठे करावयाचे तर भिंगाचा दोषही दहापट मोठा होतो. काचेच्या जमान्यात झाकून जाणारी चूक या लहान चौकटीत उघडी पडे. १३ बाय १८ च्या काचेचे क्षेत्रफळ या नव्या चौकटीच्या सत्तावीसपट भरते. माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरले खरे, पण ते नाहीसे झाले नव्हते. ते भिंगाच्या माथी आले होते.

हे ओझे उचलले डॉ. मॅक्स बेरेक यांनी. लाइट्झच्या कारखान्यातले हे गणिती सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांचे हिशेब करीत. त्यांनी या चौकटीसाठी म्हणून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट राहील असे ५० मिलिमीटरचे, ३.५ छिद्राचे भिंग सिद्ध केले. आरंभी त्यात पाच काचा होत्या. एल्माक्स या त्याच्या नावात लाइट्झ आणि मॅक्स दोघेही आले. लवकरच त्याची जागा चार काचांच्या एल्मारने घेतली.

५० च का? चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. कर्णाएवढ्या किंवा त्याहून थोड्या अधिक लांबीच्या भिंगातून जग साधारण डोळ्यांना दिसते तसे वाटते. फार पसरट नाही, फार दाटलेले नाही. शिवाय आखूड भिंगात पुढचे-मागचे बरेचसे एकदम स्पष्ट येते, त्यामुळे अंतर अंदाजाने लावले तरी निभावते. आणि ते मिटून कॅमेऱ्याच्या पोटात ढकलता येई, म्हणून खिशात मावे. थोडक्यात, त्या भिंगाने सारे काही करू म्हटले नाही. दूरचा पक्षी त्यात येणार नव्हता, अरुंद गल्लीतले सबंध घरही येणार नव्हते. जे एका हिंडत्या माणसाला रोज लागते तेवढे मात्र त्याने चोख केले.

महायुद्धाने सारे काम थांबवले होते. युद्ध संपले आणि जर्मनीवर महागाईचे संकट कोसळले. १९२३ मध्ये तेथे नोटांची किंमत कागदाएवढीही उरली नाही. त्या काळात लाइट्झच्या कारखान्यात सुमारे पंचवीस कॅमेऱ्यांची एक चाचणी मालिका तयार करण्यात आली. शून्य मालिका या नावाने ती ओळखली जाते. जाणकारांच्या हाती ते कॅमेरे देऊन मत मागवले. मते फारशी उत्साहवर्धक आली नाहीत. कॅमेरा म्हणजे खेळणे वाटते, चित्र फारच लहान, फीत धुवायची कटकट, वर मोठे करावयाचे यंत्र वेगळे लागणार, अशा तक्रारी होत्या. त्यातल्या काही खोट्या नव्हत्या. झाकणाची कटकट या मालिकेतही शिल्लक होतीच.

१९२४ च्या जूनमध्ये कारखान्यात लांबलचक बैठक झाली. कॅमेऱ्याचा धंदा आपला नव्हे, बाजार अनोळखी, काळ वाईट, असे सल्लागार सांगत होते. बुडालो तर सूक्ष्मदर्शकांचा चालता धंदाही बुडेल, ही भीती निराधार नव्हती. आद्य अर्न्स्ट लाइट्झ १९२० मध्ये निवर्तले होते. गादीवर त्यांचे चिरंजीव होते. ते दुसरे अर्न्स्ट लाइट्झ बार्नाकच्या दोन आद्य कॅमेऱ्यांपैकी एक घेऊन १९१४ मध्ये अमेरिकेस जाऊन आले होते. कॅमेरा काय करू शकतो हे त्यांनी ऐकले नव्हते, स्वतः वापरून पाहिले होते. शिवाय कामगारांना काम पुरवण्याची चिंता त्यांच्या डोक्यावर होती. साऱ्यांचे ऐकून घेतल्यावर त्यांनी धोका पत्करण्याचा निर्णय दिला. शेजारी बसलेल्या बार्नाकच्या मनात त्या क्षणी काय आले असेल याची आपण कल्पनाच करावी. काचेवरच्या त्या फसलेल्या प्रयोगाला तोवर जवळजवळ वीस वर्षे झाली होती.

१९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांपुढे आला. लाइट्झ आणि कॅमेरा या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून नाव ठेवले लायका. झाकणाची कटकट गेली होती. पडदा आता ताणताना मिटलेला राही. खप आरंभी बेताचाच होता, पण हळूहळू वाढत गेला. चळवळी, रस्ते, बाजार, माणसांचे नकळत उमटणारे भाव टिपणारी छायाचित्रणाची एक नवी जात या कॅमेऱ्याबरोबर जन्माला आली. फ्रान्समधील आंरी कार्तिए-ब्रेसोंने १९३२ मध्ये लायका घेतला आणि बहुतेक आयुष्य ५० मिलिमीटरच्या एका भिंगावर काढले. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि त्यांच्या अंत्ययात्रेची जी छायाचित्रे त्याने दिल्लीत घेतली, ती आपल्यापैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिली असतील. त्या लोटलेल्या गर्दीत तिवई कोण उभी करू देणार होते?

बार्नाक स्वतः थांबला नव्हता. एका भिंगावर साऱ्यांचे भागत नाही हे त्यालाही दिसत होते. १९३० मध्ये भिंग काढून दुसरे बसवता येईल असा लायका निघाला. ३५, ५० आणि १३५ मिलिमीटर अशी भिंगे मिळू लागली. पण आरंभी ज्या कॅमेऱ्याशी भिंग जुळवलेले असे त्यालाच ते नीट चाले. १९३१ मध्ये बैठकीचे माप पक्के झाले आणि कोणतेही भिंग कोणत्याही लायकावर बसू लागले. १९३२ मध्ये अंतर मोजण्याचे साधन भिंगाशीच जोडले गेले. त्याच वर्षी बार्नाकच्या जुन्या मालकांच्या, म्हणजे झाइसच्या समूहाने कॉन्टॅक्स हा कॅमेरा बाजारात आणला. त्याची चौकटही २४ बाय ३६ च होती! येनातल्या कारागिराने घालून दिलेले माप येनाच्या काशीनेही मान्य केले, यापरता मोठा गौरव कोणता?

दमा मात्र सुटला नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम या आरोग्यधामाच्या गावी बार्नाकचे निधन झाले. वय अवघे ५६. त्याच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्याच्या नावे छायाचित्रकारांसाठी एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. शून्य मालिकेतला त्याचा स्वतःचा एक कॅमेरा २०२२ च्या जूनमध्ये वेट्झलारलाच लिलावात निघाला आणि १ कोटी ४४ लाख युरोला गेला. ज्याला लोकांनी खेळणे म्हटले होते तेच हे यंत्र.

आता पुन्हा आमच्या लेन्सकडे वळतो.

अंकीय कॅमेरे आले तेव्हा बार्नाकच्या चौकटीएवढा सेन्सर करणे फार महाग पडे; सिलिकॉनचा मोठा निर्दोष तुकडा मिळणे दुर्मिळ. म्हणून १९९९-२००० च्या सुमारास कंपन्यांनी सेन्सर लहान केला, साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा. कॅमेऱ्याचे तोंड मात्र जुन्याच भिंगांचे ठेवले. परिणाम उलटा झाला. बार्नाकच्या वेळी चौकट वाढली होती आणि भिंग अपुरे पडले होते. आता चौकट घटली आणि भिंग पुरून उरू लागले. २८ मिलिमीटरचे रुंद भिंग लहान सेन्सरवर ४२ सारखे वागू लागले, म्हणजे त्याची रुंदी गेली. म्हणूनच लहान सेन्सरसाठी १६, १७ किंवा १८ मिलिमीटरपासून सुरू होणाऱ्या झूम लेन्स मुद्दाम कराव्या लागल्या. चौकट बदलली की भिंग तिच्यासाठी म्हणून नव्याने घडवावे लागते, हा बेरेक यांचा धडा येथे जसाच्या तसा लागू पडतो. गंमत अशी, की आजचा हा लहान सेन्सर बार्नाकने ज्या सिनेचित्राची दुप्पट केली त्या १८ बाय २४ च्या फार जवळ येतो. जिथून तो निघाला होता तिथेच आम्ही उभे आहोत.

मग त्याच्याच रीतीने जावयाचे आम्ही ठरवले. त्याने पहिला प्रश्न यंत्राला विचारला नव्हता, स्वतःच्या छातीला विचारला होता. आपल्याला काय पेलते? आणि आपण खरोखर काय टिपतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मंडळाच्या संगणकातच पडून होते. प्रत्येक छायाचित्राबरोबर कॅमेरा लेन्सचा टप्पा नोंदवून ठेवतो. मागच्या दोन वर्षांची, मित्रांकडून उसन्या आणलेल्या लांब लेन्सने काढलेलीही, छायाचित्रे आम्ही एका रविवारी चाळली. लांब टोकाची छायाचित्रे थोडी, आणि त्यांतली बरीचशी हललेली. बहुसंख्य छायाचित्रे १८ ते ५० च्या आतली: तटबंदी, पंगत, वर्ग, चेहरे. स्नेहसंमेलनातील नृत्याची छायाचित्रे तर पाहवत नव्हती. कारण उघड होते. लांब पल्ल्याच्या लेन्सचे छिद्र टोकाला ६.३ एवढे बारीक होते आणि २.८ च्या मानाने उजेड जेमतेम एक पंचमांश आत येतो. तेवढा उजेड गोळा होईपर्यंत नर्तिकेचा हात पुढे गेलेला असतो. तिवईने कॅमेरा स्थिर राहतो, नर्तिका नव्हे. म्हणून तिसऱ्या पक्षाची तिवईही त्या रात्री कामास आली नसती.

आम्ही १७ ते ५० ची लेन्स घेतली. ती सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्सपेक्षा जड आहे, हे खोटे बोलणार नाही; पण सर्वांत अशक्त सभासदाच्या गळ्यात अडकवून एक डोंगर चढून पाहिला आणि मगच पैसे दिले. बुरुजावरचा पक्षी आम्ही सोडला. पक्षीवाल्या पक्षाला थोडे वाईट वाटले. त्यांच्यापैकी एकजण अजूनही मधूनमधून टोमणा मारतो. तो टोमणा खराच आहे. कोणतीही एक लेन्स घेणे म्हणजे काहीतरी सोडणे होय. ज्या मंडळात पक्षीनिरीक्षक अधिक असतील त्यांनी आमची नक्कल करू नये; त्यांची छायाचित्रे त्यांना वेगळे उत्तर देतील.

सारे काही टिपणारे भिंग आजवर कोणी घडवलेले नाही. बार्नाकनेही ते घडवले नाही. आपला श्वास किती पुरतो हे त्याने आधी ओळखले, त्या मापाची चौकट आखली आणि मग त्या चौकटीत जे येईल ते उत्तम यावे म्हणून आयुष्य वेचले. आपण कलाशाखेचे विद्यार्थी यंत्रांच्या गप्पांपासून थोडे फटकूनच असतो. पण आपल्या उणिवेपासून आरंभ करून जगाला उपयोगी पडेल असे काही उभे करणे, ही गोष्ट कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने शिकावी अशी आहे. जग आज ज्याला पूर्ण चौकट म्हणते ती एका अपुऱ्या श्वासाच्या माणसाने आखलेली आहे, एवढे पुढच्या वेळी कॅमेरा डोळ्यांना लावताना आठवले तरी पुरे.